उत्तर मिळाले, पण विचार कोणाचा?

आमचा भाचा बी.ए.ला आहे. त्याला प्रकल्प मिळाला : ऊसतोड कामगारांचे स्थलांतर. त्याने मोबाइलवर चॅटजीपीटीला विचारले आणि दहा मिनिटांत आठ पाने तयार झाली. भाषा सफाईदार होती. पण त्यात ‘उचल’ नव्हती, मुकादम नव्हता. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात हेही नव्हते. दिवाळीच्या सुमारास कारखान्याला जाणारी कुटुंबे घाटनांदुरात आमच्याच गल्लीत राहतात. त्यांना एखादा प्रश्न विचारावा, हे त्याला सुचले नाही. आम्ही त्यातल्या एका परिच्छेदाचा अर्थ विचारला, तर तो गप्प!

अशी मुले आज घरोघरी आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी ५४ जणांकडून निबंध लिहून घेतले. काहींनी चॅटजीपीटी वापरले, काहींनी इंटरनेटवर शोधले, काहींनी केवळ स्वतःच्या डोक्याने लिहिले. चॅटजीपीटी वापरणाऱ्यांच्या मेंदूची हालचाल सर्वांत कमी आढळली. पहिल्या निबंधानंतर त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वतःच्याच निबंधातले एक वाक्यही नीट सांगता आले नाही. अभ्यास लहान आहे, पण इशारा मोठा आहे.

पवित्र कुरआनच्या अवतरणाचा पहिला शब्द ‘इक्रा’, म्हणजे ‘वाच’. आपल्या मुहद्दिसांनी हदीस स्वीकारण्याआधी सनद तपासली : कोणी सांगितले? कोणाकडून ऐकले? सांगणारा भरवशाचा आहे का? मशीन मात्र शब्दांचा अंदाज बांधून वाक्ये जुळवते. कधी नसलेल्या पुस्तकाचे नावही ठामपणे सांगते. अशा उत्तराची सनद विद्यार्थ्यानेच तपासायला हवी. त्यासाठी त्याला स्वतः विचार करता आला पाहिजे.

एआय हराम आहे, असे आम्ही म्हणत नाही. ज्या घरातून पहिलेच मूल कॉलेजात गेले, तिथे इंग्रजी उतारा समजावणारा हा मोठा आधार आहे. फक्त क्रम पाळावा. आधी स्वतः वाचावे, चार ओळी लिहाव्यात, मग मशीनला विचारावे. अम्मी-अब्बांनीही रात्रीच्या जेवणानंतर मोबाइल बाजूला ठेवून एवढेच म्हणावे, “बेटा, आज काय शिकलास ते आम्हाला समजावून सांग.” आई-वडील शिकलेले नसले तरी हे करू शकतात.

भाच्याने शेजारच्या चाचांकडे बसून प्रकल्प पुन्हा लिहिला. पाने आठाची तीन झाली. पण आता विचारले की तो बोलतो.