मांजर नसलेल्या घरातलं मांजर

मांजर मांडीवर घेतलं की काहींना शिंकांवर शिंका येतात, डोळे चुरचुरतात, छाती घरघरते. ठपका बसतो मांजराच्या केसांवर. खरा उपद्रव असतो ‘फेल डी १’ या प्रथिनाचा. ते मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर दिवसभर अंग चाटतं, लाळ केसांवर वाळते आणि कोंड्याबरोबर हवेत मिसळते. यातले बरेच कण ५ मायक्रॉनपेक्षा लहान असल्यानं तासन् तास तरंगतात, श्वासावाटे खोलवर जातात. कपड्यांना चिकटून ते दुसऱ्यांच्या घरीही पोचतात.

अमेरिकेत ८३१ घरांतली धूळ तपासली गेली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत कुत्रं किंवा मांजर जेमतेम निम्म्या घरांत होतं. पण मांजराचं प्रथिन ९९.९ टक्के आणि कुत्र्याचं १०० टक्के घरांत सापडलं. स्वीडनमध्ये तर मांजराची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांचा दमा शाळा सुरू झाल्यावर बळावला. ज्या वर्गांत मांजरवाली मुलं जास्त, तिथं अधिक. थोडक्यात, आपल्या श्वासात किती मांजर आहे हे शेजारपाजारही ठरवतो.

आणि घराची घडणही. थंड देशांत खिडक्या बंद, जमिनीवर गालिचा, मांजर पलंगावर. सोलापुरातल्या जुन्या घराचा रिवाज वेगळा. शहाबादी फरशी, रोज ओला पोछा मारणं, उघड्या खिडक्या. कुत्रं दाराबाहेर आणि मांजर दुधापुरतं घरात. हे प्रथिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे ओलं फडकं त्यातलं बरंच काही बादलीत नेतं.

आता जुळे सोलापूरसारख्या भागांतल्या फ्लॅटमध्ये एसी आला, सोफा आला आणि पर्शियन मांजर थेट गादीवर आलं. सोलापूरकरांचा जुना भरवशाचा उपाय म्हणजे चादरी गच्चीवर टाकणं. कडक ऊन धुळीतल्या बारीक माइट किड्यांना सुकवून मारतं. मांजराच्या प्रथिनाला मात्र नुसतं ऊन पुरत नाही, धुणंच लागतं. वर्षानुवर्षं काही दिवसांआड पाणी मिळणाऱ्या या शहरात जाडजूड चादर दर आठवड्याला धुणं सोपं नाही. म्हणून मांजराला झोपायच्या खोलीत येऊच न देणं हा स्वस्तातला उपाय. कोरड्या झाडूनं धूळ उडवण्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसावं. ‘या जातीच्या मांजराची अ‍ॅलर्जी होत नाही’ या विक्रेत्याच्या बोलण्यावर विसंबू नये. कुठलंही मांजर या प्रथिनापासून पूर्ण मुक्त असल्याचं सिद्ध झालेलं नाही.

शिवाय सोलापुरात संशयित एकटं मांजर नाही. गाजरगवताचे परागकण, झुरळं, माइट आणि मागाच्या आसपास उडणारी कापसाची धूळ, यांतलं काहीही श्वासाला त्रास देऊ शकतं. दोषी कोण, हे ठरवायला डॉक्टरांकडून त्वचेची चाचणी करून घ्यावी. त्याआधीच मांजर पोत्यात घालून गावाबाहेर सोडून येण्याची जुनी खोड आवरावी. पाळीव प्राण्याला असं वाऱ्यावर सोडणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय मांजर सोडून त्रासातून लगेच सुटकाही होत नाही. मांजर गेल्यावरही त्याचं प्रथिन चार-सहा महिने घरात राहतं.