टाकीतली वाटणी

रात्री साडेदहाला पाहिलं तेव्हा फूल जरा लांबट वाटलं होतं. एरवी ताटलीसारखं गोल पसरणारं अंग अंडाकृती झालेलं, आणि मधलं तोंड चिरेसारखं ताणलेलं. पोट बिघडलं असेल, असं म्हणत मी दिवा मालवला. पहाटे पाचला आईने हलवून उठवलं. "अरे, तुझं फूल फाटलंय बघ."

फाटलं नव्हतं अजून, फाटत होतं. समुद्रफुलाचा पाय म्हणजे बुडाची चिकट तबकडी. तीच दोन दिशांना चालली होती. अर्धी डावीकडच्या खडकावर, अर्धी उजवीकडच्या फटीत, आणि मधे, कणकेचा गोळा दोन्ही हातांनी ओढावा तशी पातळ होत गेलेली पट्टी. चालणं इतकं हळू की टक लावून बसलं तर काहीच दिसत नाही; चहा टाकून परत आलं की दिसतं. साडेनऊच्या सुमारास पट्टीचा दोरा झाला आणि तुटला. तुटलेली टोकं आखडून आत गेली. आता टाकीत दोन फुलं होती. दोघांचीही एकेक बाजू उघडी, आतले पडदे उघड्यावर आलेले, आणि प्रत्येकाच्या वाट्याला अर्धं तोंड.

"याला बाळंतपण म्हणायचं की वाटणी?" आईने विचारलं.

वाटणीच. आमच्या गावच्या घराची वाटणी बावीस वर्षं चालली. ही अकरा तासांत उरकली.

पुढचे चार दिवस दोघंही मुठीएवढी होऊन, तोंड लपवून बसली. उघड्या बाजूच्या कडा हळूहळू एकमेकींकडे वळल्या आणि पुरचुंडीच्या तोंडासारख्या मिटल्या. बाराव्या दिवशी दोघांनाही पूर्ण, गोल तोंडं होती. या प्राण्याला तोंड एकच. खाणं तिथूनच आणि मलविसर्जनही तिथूनच. ते अर्धं राहून चालत नाही. म्हणून जखम भरेपर्यंत मी खायला काही घातलं नाही. घरातल्यांना हा निर्दयपणा वाटला.

आमच्या छंदात या जातीला 'बबल टिप' म्हणतात, कारण तिच्या शुंडकांची टोकं कधी कधी फुग्यासारखी फुगतात. शास्त्रीय नाव एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. पहिलं वर्णन १८२८ सालचं. गंमत म्हणजे त्याच वर्षी स्कॉटलंडमध्ये सर जॉन डॅलिएल यांनी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून वेगळ्या जातीचं एक समुद्रफूल उचलून बरणीत ठेवलं. 'ग्रॅनी' म्हणून ते इतकं गाजलं की डॅलिएल गेले, त्यानंतरही नवनव्या हातांत ते १८८७ पर्यंत जगलं. शेकडो पिल्लं दिली त्या आजीने, पण ती तोंडातून बाहेर टाकलेली. आपल्या अंगाची अशी वाटणी तिने केली नाही. म्हणजे फुटणं हा समुद्रफुलांचा सरसकट धर्म नव्हे. जात बघावी लागते.

आपल्याकडे प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, म्हणून माझ्या तीनशे लिटरच्या टाकीत जिवंत प्रवाळ नाही. खडक, क्लाउनमाशांची जोडी आणि हे फूल. तेही समुद्रातून आलेलं नाही. दुसऱ्या एका छंदिष्टाच्या टाकीत फुटून झालेला तो तुकडा होता.

फूल फुटलं की या छंदातली माणसं दोन गटांत विभागली जातात. एक गट पेढे वाटतो: खाणंपिणं उत्तम, फूल खूश, म्हणून वाढलं. दुसरा गट चाचपणी सुरू करतो: क्षारता घसरली का, दिवे बदललेस का, काय बिघडवलंस? मी आधी दुसऱ्या गटात होतो, आणि त्याला कारण होतं. त्या वाटणीच्या दोन दिवस आधी, ऐन मे महिन्यात, दुपारी लाइट गेली, चिलर बंद पडला आणि पाणी २६ अंशांवरून साडेतीसवर गेलं. मी वहीत लिहून टाकलं: 'उष्णतेमुळे.'

मग नोव्हेंबरात पुन्हा एक फूल फुटलं. वही उलटून पाहिली. तापमान स्थिर, क्षारता हजारी ३५, पाणी ठरल्याप्रमाणे बदललेलं, आठवड्यातून दोनदा नखाएवढा कोळंबीचा तुकडा. फूल मात्र जेवणाच्या ताटाएवढं झालं होतं. त्यानंतरचं फुटणं मी एकदम निम्मं पाणी बदललं त्याच्या दुसऱ्या दिवशी. पेढेवाल्यांनाही पुरावा, चाचपणीवाल्यांनाही.

मला पटलेलं उत्तर प्रवाळभित्तींवर आहे. ही जात तिथे दोन थाटांत राहते. खोल पाण्यात मोठी, एकेकटी फुलं असतात. उथळ पाण्यात, जिथे ऊन तीव्र आणि लाटांचा मारा, तिथे लहान लहान फुलांचे ताटवे. एकाच फुलातून फुटत गेलेले, म्हणून सगळे एकाच लिंगाचे. आता माझी टाकी बघा. पाणी दीड फूट, डोक्यावर प्रखर दिवा, आणि महावितरणच्या मर्जीनुसार वरखाली होणारं तापमान. याहून उथळ पाणी कुठलं? फूल खूशही नव्हतं, रुसलंही नव्हतं. उथळ पाण्यात त्याच्या कुळात जे करतात, ते करत होतं.

आकाराचा हिशेबही त्यात आहे. फूल दुप्पट रुंद झालं की अन्न आणि उजेड धरणारा पसारा चौपट होतो, पण पोसायचं अंग त्याहून जास्त वाढतं. एका मर्यादेपुढे मोठेपण परवडत नाही. ती मर्यादा भरपूर खाऊन गाठता येते, तशीच परिस्थिती बिघडली की खाली सरकून फुलापर्यंत येऊ शकते. दोन्ही गटांना एकाच वेळी बरोबर ठरवणारा हा एकच हिशेब मला दिसतो.

बाकी भावकीची तऱ्हा जातीजातीत वेगळी. कॅलिफोर्नियाच्या खडकांवर ॲन्थोप्लूरा नावाची फुलं अशीच फुटून दाट वस्त्या करतात. शेजारी परक्या कुळाची वस्ती असली तर दोहोंमध्ये रिकाम्या खडकाचा पट्टा राहतो; त्या सीमेवर ती खास डंखांच्या गाठी फुगवून लढतात. लिझबेथ फ्रान्सिस यांनी १९७३ मध्ये ते नीट दाखवून दिलं. माझी पहिली दोन अर्धुकं मात्र शुंडकांत शुंडकं घालून बसायची. क्लाउनमाशांचीच पंचाईत झाली. मादीने डावं फूल निवडलं. नर आठवडाभर दोन घरांच्या चकरा मारून शेवटी तिच्यामागे गेला.

ब्लेडने तोंडामधून कापून फुलं 'वाढवणारे'ही आहेत. निम्मी जगतात, असं ते अभिमानाने सांगतात. मला ते जमणार नाही.

नोव्हेंबरातलं एक अर्धुक मी पुण्याच्या मित्राला दिलं. पाय खडकावरून नखाने हळूहळू सोडवायला पाऊण तास लागला. त्याची टाकी माझ्या दुप्पट आणि अडीच फूट खोल. घरात इन्व्हर्टर, आणि माणूस घड्याळ लावून पाणी बदलणारा. दोन वर्षं ते फूल नुसतं वाढत राहिलं. माझ्याकडे तेवढ्या काळात त्याची भावंडं पाच झाली.

परवा रात्री त्याचा फोन आला.

"तुझं फूल लांबट दिसतंय रे. तोंड ताणलंय."

"काय केलंस?"

"काहीच नाही. देवाशप्पथ."

"नीट आठव."

बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "दिवा बदलला. पण तो गेल्या महिन्यात." आणि जरा थांबून, "आणि हल्ली मुलगी त्याला कोळंबी घालते. किती घालते, विचारायला हवं."