समुद्रातला वायू, चांदवडचा कांदा

चांदवडच्या शिवारात विहीर खणायची म्हणजे सुरुंग हवाच. थोडी माती, थोडा मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण! हा बेसॉल्ट खडक. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून लाव्हाचे लोट वाहिले व थिजले. त्यांचेच हे डोंगर बनले. अशा अग्निजन्य खडकात नैसर्गिक वायू तयार होत नाही. त्यासाठी गाळाचे खडक लागतात.

मग महाराष्ट्राला वायू मिळाला कुठे? समुद्रात! मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ मध्ये 'सागर सम्राट'ने तेल शोधून काढले. १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. हेच 'बॉम्बे हाय'. तेथे गाळात गाडल्या गेलेल्या जीवांच्या अवशेषांपासून दाब आणि उष्णता यांमुळे, कोट्यवधी वर्षांत, तेल व वायू बनले. ते सच्छिद्र चुनखडीत साठले. वर अभेद्य खडकाचे झाकण असल्याने ते निसटले नाहीत.

हा वायू समुद्रतळावरील नळांतून उरणला येतो. सुरुवातीला नळ व कारखाने अपुरे असल्याने बराचसा वायू समुद्रातच जाळून टाकावा लागे. केवढे हे नुकसान!

वायूतील मुख्य घटक मिथेन. तो जाळला की उष्णता मिळते. चुली पेटतात, वीज तयार होते. पण त्याचा आणखी एक उपयोग आहे. मिथेनवर तप्त वाफेची क्रिया केली की हायड्रोजन मिळतो. हायड्रोजन व हवेतील नत्र यांचा अमोनिया होतो. याच प्रक्रियेत निघालेला कार्बन डाय-ऑक्साइड अमोनियाशी जोडला की तयार होतो युरिया! १९८५ मध्ये अलिबागजवळ थळ येथे असा मोठा कारखाना सुरू झाला. ज्या पाषाणात वायू नाही, त्यावरच्या कांद्याच्या वाफ्यांत वायूपासून बनलेले खत पडते ते असे.

युरियात ४६ टक्के नत्र असते. म्हणजे ४५ किलोच्या गोणीत सुमारे २०.७ किलो. पिकाच्या गरजेपेक्षा जास्त टाकलेले नत्र वाया जाते. काही हवेत उडते, काही नायट्रेट होऊन विहिरीच्या पाण्यात उतरते.

आज देशाला लागणाऱ्या वायूपैकी जवळजवळ निम्मा परदेशातून द्रवरूपात आणावा लागतो. तेव्हा शेतात जादा पडलेली मूठ म्हणजे समुद्रात जाळलेला वायूच नव्हे का? तुमच्या घरी एकरी किती गोण्या लागतात, ते विचारा. त्यातले नत्र मोजा आणि कृषी विभागाच्या शिफारशीशी ताडून पाहा.