टाकीतला गंज: ५०० रुपयांच्या कामात माझं कुठे चुकलं?

मागच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, “भाऊ, गॅरेजला जोडून कमी भांडवलात कोणतं काम सुरू करता येईल?” जुन्या गाड्यांच्या पेट्रोल टाकीतला गंज काढणं हे तसं एक काम आहे. मशीन लागत नाही. पण मी यात आधी मार खाल्ला आहे, म्हणून तो किस्सा पहिल्यांदा सांगतो.

जुलै महिना होता. केळीबागवाले एक काका जुनी गाडी घेऊन आले. गाडी चालता चालता बंद पडायची. टाकीत टॉर्च मारला तर आत लालभडक गंज. मी ५०० रुपये सांगितले, टाकी धुतली आणि संध्याकाळी घाईघाईत देऊन टाकली. आठव्या दिवशी काका परत. केळीची कटाई सुरू, मजूर बागेत थांबलेले आणि गाडी फैजपूरच्या रस्त्यात बंद! कार्बोरेटर उघडला तर वाटीत तोच लाल गाळ. काका एवढंच म्हणाले, “भाऊ, पैशाचं काही नाही, पण आज माझा दिवस गेला.”

हेच काम मी मे महिन्यात तीनदा केलं होतं आणि एकही तक्रार आली नव्हती. मग चुकलं कुठे? मे महिन्यात सावद्याचं ऊन माझं अर्धं काम फुकटात करत होतं. स्लॅबवर ठेवलेली टाकी दुपारभरात खडखडीत वाळायची. जुलैत ते ऊन नव्हतं, आणि वाळवण्याची पायरी माझ्या कामात कुठेच लिहिलेली नव्हती.

गंज येतो कुठून?

टाकी लोखंडी पत्र्याची असते. अर्धी रिकामी ठेवली की वरच्या जागेत दमट हवा असते. रात्री पत्रा थंड झाला की आत पाण्याचे थेंब धरतात. पाणी पेट्रोलपेक्षा जड, म्हणून तळाला बसतं. त्यात आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर तळाला जातो. कॉकही तळालाच! पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचा त्रास इथूनच सुरू होतो.

काम कसं करायचं?

१. पेट्रोल मोकळ्या हवेत, झाकणाच्या डब्यात काढा. जवळ विडी, वेल्डिंग, ठिणगी काही नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ असते. काढलेलं पेट्रोल गटारीत ओतू नका.

२. कॉक, झाकण, काट्याचा फ्लोट काढून ठेवा. साबणाच्या पाण्याने टाकी आतून दोन-तीनदा धुवा. तेलकट थर राहिला तर पुढचं औषध गंजापर्यंत पोचत नाही.

३. तळ आणि जोड अंगठ्याने दाबून बघा. कधीकधी गंजानेच भोक बुजवलेलं असतं. गंज निघाला की टाकी गळते. हे गिऱ्हाईकाला आधी दाखवा, फोटो काढा, पावतीवर लिहा.

४. मूठभर नट आत टाकून टाकी हलवा. मोजून टाका, मोजून काढा.

५. कोमट पाण्यात लिटरला ८० ते १०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल, विरघळवा. टाकी तोंडापर्यंत भरा, नाहीतर वरचा भाग तसाच राहतो. १२ ते २४ तास ठेवा. बारीक वायू निघतो, म्हणून तोंड घट्ट बंद करू नका. हातमोजे घाला, रंगावर थेंब पडू देऊ नका. संडास साफ करायचं ॲसिड वापरू नका. ते गंजाबरोबर चांगला पत्राही खातं.

६. पाणी काढा, धुवा, मग खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा आणि परत धुवा.

७. लगेच वाळवा. उघडा पडलेला ओला पत्रा काही मिनिटांत पुन्हा लालसर व्हायला लागतो. आत पेट्रोलचा वासही राहिला नाही याची खात्री करून गरम हवेचा ब्लोअर लावा. कोपरे आणि जोड जास्त वेळ घेतात. वाळल्यावर थोडं टू-टी ऑइल सगळीकडे फिरवा. नवा फिल्टर टाका, कार्बोरेटरची वाटी साफ करा आणि टाकी भरून घ्यायला सांगा.

आता हिशोब

हे आकडे माझ्या दुकानातले आहेत, तुमचे वेगळे येतील. लिंबूफूल, सोडा, ऑइल, फिल्टर मिळून ३५० रुपये. हाताचं काम अडीच तास, तासाला १५० प्रमाणे ३७५. झाले ७२५. मी घेत होतो ५००! वर दहातली एक टाकी परत आली तर तिचा खर्च दहाही टाक्यांवर पडतो, म्हणजे टाकीमागे अजून ७० ते ७५. खरा खर्च ८०० झाला. आज मी ९५० घेतो आणि टाकी दुसऱ्या दिवशीच देतो. “आजच पाहिजे” म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणतो.

काकांची टाकी मी फुकट परत केली. या वेळी ब्लोअर लावून, रात्रभर ठेवून. देताना टॉर्च त्यांच्याच हातात दिला आणि म्हटलं, “काका, तुम्हीच बघा.” त्यांनी बघितलं, मान हलवली आणि गेले. त्यांच्या घरी अजून दोन गाड्या आहेत. त्या अजून माझ्याकडे आलेल्या नाहीत. ती किंमत कोणत्याच पावतीवर लिहिलेली नसते.

गिऱ्हाईकाला गंज दिसतो, वाळवणं दिसत नाही. तुमच्या धंद्यातही अशी एक न दिसणारी पायरी असेल: शिलाईत आतली टीप, पापडात वाळवण, मोबाईल दुरुस्तीत शेवटची तपासणी. आज वहीत ती पायरी लिहा, तिला लागणारा वेळ लिहा आणि मगच दर ठरवा.

तुमची पायरी कोणती, ते कमेंटमध्ये नक्की सांगा. भेटूया पुढच्या व्हिडिओत!