इंग्रजी शब्द खुंटीला टांगा!

'तानापिहिनिपाजा' हा शब्द कोणत्याही शब्दकोशात सापडत नाही. तरीही शाळेत शिकलेला हा शब्द आजीला साठीतही आठवतो आणि तिच्या तोंडून इंद्रधनुष्याचे सातही रंग ओळीने बाहेर पडतात. त्याच घरातला नातू मात्र कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षेसाठी रोज ५० इंग्रजी शब्द घोकतो आणि रविवारी त्यांतले ५ देखील आठवत नाहीत म्हणून हिरमुसतो. 'मराठी माध्यमातल्या मुलांना हे जमायचं नाही,' असं त्याला वाटू लागतं. खरं तर दोष बुद्धीचा नाही, माध्यमाचाही नाही. शब्द डोक्यात कोंबले, पण ते अडकवायला खुंटीच ठोकलेली नाही.

कानाला ओळखीचं

'गॅर्युलस' म्हणजे बडबड्या. हा शब्द ऐकताच 'गाऱ्हाणं' आठवा आणि दारात उभं राहून तासभर गाऱ्हाणी सांगणारी व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. शब्द चिकटलाच समजा! हा पोरखेळ नव्हे. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठातील विद्यार्थ्यांना ३ दिवसांत १२० रशियन शब्द शिकवण्याचा प्रयोग रिचर्ड अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७५ मध्ये प्रसिद्ध केला. अशा खुंटीच्या आधाराने शिकलेल्यांना ७२ टक्के शब्द आठवले, इतरांना ४६ टक्के.

नात्यातले शब्द

अनेक अवघड इंग्रजी शब्द लॅटिनमधून आले आहेत आणि लॅटिन व संस्कृत एकाच भाषाकुळातल्या आहेत. म्हणून 'इग्नियस' खडकात आपला 'अग्नी' दिसतो. 'सॉम्नोलंट' म्हणजे पेंगुळलेला. त्याचं नातं 'स्वप्ना'शी आहे. आरडाओरडा करणाऱ्या 'व्होसिफरस' माणसात 'वाचा' आहे. 'संसद'मधला 'सद्' म्हणजे बसणे; तोच बैठ्या कामाच्या 'सेडेन्टरी'त येऊन बसला आहे. मराठी ही अडचण नसून शिदोरी आहे, ती अशी.

काही शब्दांमागे गोष्ट असते. मॅसिडोनियाच्या फिलिप राजाने स्पार्टाला धमकावलं, 'जर मी तुमच्या प्रदेशात शिरलो, तर तुमचा नायनाट करीन.' स्पार्टाने एका शब्दात उत्तर पाठवलं, 'जर!' स्पार्टाचा प्रदेश लॅकोनिया, म्हणून मोजकं बोलणारा तो 'लॅकॉनिक'.

खुंटी म्हणजे अर्थ नव्हे

'मिटिगेट' शब्दाला 'मिटणे' ही खुंटी चटकन सुचते, पण फसवतेही. मिटिगेट म्हणजे तीव्रता कमी करणे. टँकर आल्याने दुष्काळाची झळ कमी होते, दुष्काळ मिटत नाही. म्हणून खुंटी सुचली तरी शब्दकोश उघडून अर्थ आणि वापर पाहायलाच हवा.

शिवाय खुंटीही सैल होते. स्टॅनफर्डच्या त्याच विद्यार्थ्यांना ६ आठवड्यांनी ४३ टक्केच शब्द आठवत होते, इतरांना तर २८ टक्के. यावर जर्मन लेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ च्या पुस्तकात चिठ्ठ्यांच्या पेटीचा उपाय सुचवला होता. घरी तो फुकटात होतो.

जुन्या लग्नपत्रिकांचे कोरे तुकडे कापा. एका बाजूला शब्द लिहा, दुसऱ्या बाजूला अर्थ, खुंटी आणि स्वतः रचलेलं एक वाक्य. चपलांच्या खोक्यात ३ कप्पे करा. पहिल्या कप्प्यातल्या चिठ्ठ्या रोज पाहा, दुसऱ्यातल्या ३ दिवसांनी, तिसऱ्यातल्या आठवड्याने. अर्थ आठवला की चिठ्ठी पुढच्या कप्प्यात. चुकला की पुन्हा पहिल्यात.

रोज ५० नकोत, ८ शब्द पुरेत. रात्री जेवताना ते घरच्यांना समजावून सांगा. इंग्रजी न येणारी आजी 'म्हणजे काय रे?' असं विचारते, तेव्हाच कळतं शब्द खरंच समजला की नुसता पाठ झाला. अभ्यास खुंटीला टांगणं वाईटच, पण शब्द जरूर टांगावेत!