मंत्र्याचे उत्तर आणि जनतेचा पैसा

सरकारी तिजोरीतून एक रुपयाही विधिमंडळाच्या संमतीशिवाय काढता येत नाही, हे संसदीय राज्यपद्धतीचे मूलतत्त्व भारतीय राज्यघटनेच्या ११४ आणि २६६ या अनुच्छेदांत स्पष्टपणे आलेले आहे. कर, कर्जे आणि इतर महसूल ज्यात जमा होतो त्या खात्याला संचित निधी म्हणतात आणि त्यातून पैसे काढण्याची परवानगी देणाऱ्या कायद्याला विनियोजन कायदा असे नाव आहे. मात्र ही परवानगी देण्याचा क्षण आणि खर्चाचा हिशेब तपासण्याचा क्षण यांच्यात बरेच अंतर पडते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सभागृहापुढे येतो तो बहुधा खर्च होऊन गेल्यावर बऱ्याच काळाने, आणि लोकलेखा समिती त्याची छाननी पूर्ण करीपर्यंत संबंधित सचिव निवृत्त झालेला असतो, कधी कधी तर सरकारही बदललेले असते. या मधल्या काळात, पैसा प्रत्यक्ष खर्च होत असताना, मंत्र्याला जाब विचारण्याचे जे साधन सदस्याच्या हाती राहते ते म्हणजे सभागृहातील प्रश्न.

प्रश्न माहिती मिळवण्यासाठी विचारला जातो, अशी समजूत रूढ आहे आणि नियमांची भाषाही तशीच आहे. परंतु ज्या प्रश्नांनी सरकारे हादरली त्यांचा इतिहास पाहिला, तर प्रश्नकर्त्याला उत्तर बहुतेक वेळा आधीच ठाऊक होते असे दिसते. त्याला हवी होती ती मंत्र्याची कबुली किंवा मंत्र्याचा इन्कार, आणि तोही अशा जागी की जिथे उच्चारलेला प्रत्येक शब्द कार्यवृत्तात कायमचा नोंदला जातो व पुढे तो फिरवता येत नाही.

हा अधिकार भारतात तुकड्यातुकड्यांनी आला. १८६१ च्या कायद्याने स्थापन झालेल्या कायदेमंडळांत प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. १८९२ च्या कायद्याने ती दिली, पण उत्तरावर चर्चा करण्यास मनाई ठेवली. १९०२ पासून गोपाळ कृष्ण गोखले यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात केलेली अर्थसंकल्पावरील भाषणे गाजली ती या तुटपुंज्या चौकटीतच. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला पूरक प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली आणि १९१९ नंतर ती इतर सदस्यांनाही लाभली. पूरक प्रश्न म्हणजे मंत्र्याचे उत्तर ऐकून त्याच क्षणी विचारलेला, पूर्वसूचना नसलेला प्रश्न, आणि सगळ्या व्यवस्थेची धार त्यातच आहे, कारण मूळ उत्तर खात्याने लिहून दिलेले असते, तर पूरक प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला स्वतःला द्यावे लागते.

आजच्या लोकसभेत सकाळी ११ ते १२ हा तास प्रश्नोत्तरांचा असतो. तोंडी उत्तराची अपेक्षा असलेल्या प्रश्नावर तारांकनाची खूण असते, म्हणून तो तारांकित. ज्याचे उत्तर केवळ लेखी येते तो अतारांकित. एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० पर्यंत अतारांकित प्रश्न असतात. प्रश्नांचा क्रम सोडत काढून ठरतो, आणि त्या २० पैकी प्रत्यक्ष तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात ते थोडेच. उरलेल्यांची उत्तरे पटलावर ठेवली जातात, म्हणजे ती छापील स्वरूपात सभागृहाच्या कागदपत्रांत दाखल होतात, पण त्यांना पूरक प्रश्नाचा सामना करावा लागत नाही. अडचणीचा प्रश्न यादीत पंधराव्या क्रमांकावर गेला की मंत्र्याच्या दालनात सुटकेचा निःश्वास टाकला जात असणार, हे समजायला मंत्रालयात नोकरी केलेली असण्याची गरज नाही.

महाराष्ट्र विधिमंडळाची प्रश्नोत्तरांची यादी वाचणाऱ्याला या व्यवहाराची शैली चांगलीच परिचित असते. ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास, चौकशीत काय आढळून आले’, ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत’ अशा उपभागांत प्रश्न विभागलेला असतो आणि उत्तरे ‘होय’, ‘हे खरे नाही’, ‘अंशतः खरे आहे’ आणि ‘प्रश्न उद्भवत नाही’ या मोजक्या साच्यांतून येतात. यातले ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर सर्वांत लक्ष देऊन वाचण्यासारखे असते, कारण कोणता अंश खरा हे सांगण्याची जबाबदारी त्यामुळे पुढच्या ओळीवर, आणि ती ओळ मोघम असली तर पुढच्या अधिवेशनावर जाते.

प्रश्नापासून मंत्र्याच्या राजीनाम्यापर्यंतची संपूर्ण वाट स्वतंत्र भारतात पहिल्यांदा चालली गेली ती १९५७-५८ मधील मुंध्रा प्रकरणात. त्याची पूर्वपीठिका महत्त्वाची आहे. रायबरेलीचे काँग्रेस खासदार फिरोझ गांधी यांनी डिसेंबर १९५५ मध्ये लोकसभेत खासगी विमा कंपनीतील पैशाच्या गैरवापराचे प्रकरण तपशिलासह मांडले. पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९५६ मध्ये, आयुर्विमा व्यवसायाच्या राष्ट्रीयीकरणाचे पाऊल उचलले गेले आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा कंपन्या व संस्था एकत्र करून भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत आले. विमेदारांचा पैसा उद्योगपतींच्या हातून सुटून सार्वजनिक विश्वासाच्या हाती आला, असा त्या वेळचा समज होता.

अवघ्या दहा महिन्यांत, जून १९५७ मध्ये, या महामंडळाने कलकत्त्याचे उद्योगपती हरिदास मुंध्रा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर विकत घेतले. जेसप, रिचर्डसन क्रुडास, ब्रिटिश इंडिया कॉर्पोरेशन ही त्यांतली मोठी नावे. मुंध्रा तेव्हा आर्थिक अडचणीत होते, व्यवहार थेट त्यांच्याशी झाला, महामंडळाच्या गुंतवणूक समितीला आधी विचारले गेले नाही आणि काही शेअरांना बाजारभावाहून चढा दर दिला गेला. त्याच वर्षी लोकसभेत याविषयी प्रश्न आले तेव्हा अर्थखात्याची उत्तरे त्रोटक आणि सावध होती. प्रश्नाच्या शब्दरचनेत जेवढे विचारले होते तेवढ्याचेच, आणि शक्यतो त्याहून कमी, उत्तर देण्याचा तो प्रकार होता. परिणाम उलटा झाला. १६ डिसेंबर १९५७ रोजी फिरोझ गांधींनी विषय चर्चेला आणला आणि तारखा, दर व कागद मांडून सरकारच्या आधीच्या उत्तरांतील फटी एकेक करून दाखवल्या. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्यापुढे दोनच पर्याय उरले: व्यवहाराचे समर्थन करणे किंवा तो आपल्या अपरोक्ष झाला असे म्हणणे.

येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. प्रश्नकर्ता सत्ताधारी पक्षाचा होता, एवढेच नव्हे तर पंतप्रधानांचा जावई होता. पक्षादेश मतदानाला लागू होतो, प्रश्नाला नाही. त्यामुळे आजही कोणत्याही सत्ताधारी सदस्याला तेवढाच तीक्ष्ण प्रश्न विचारण्याची नियमाने मुभा आहे, मात्र ती कितीशी वापरली जाते हे यादी चाळणाऱ्याला दिसतेच.

सरकारने जानेवारी १९५८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला. छागलांनी मुंबईतील सुनावणी खुली ठेवण्याचा आग्रह धरला. गर्दी इतकी लोटली की बाहेर उभ्या असलेल्यांसाठी ध्वनिक्षेपक लावावे लागले. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी आयोगाला साहाय्य केले आणि अर्थसचिव एच. एम. पटेल, महामंडळाचे अधिकारी व स्वतः अर्थमंत्री यांच्या साक्षी झाल्या. कलकत्त्याचा शेअरबाजार सावरण्यासाठी खरेदी केली, हा बचाव आयोगाला पटला नाही. मंत्र्यांना व्यवहाराची कल्पना होती असे सचिवांचे म्हणणे, तर आपण तशी संमती दिली नव्हती असे मंत्र्यांचे. या वादावर छागलांचा निष्कर्ष संसदीय दृष्टीने निर्णायक ठरला. सचिवाच्या कृतीची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यावरच येते, त्याला अधिकाऱ्याच्या आड लपता येत नाही आणि अधिकाऱ्याला वाऱ्यावर सोडून स्वतः मोकळेही होता येत नाही, असा तो निष्कर्ष होता. जोडीला त्यांनी आणखी एक तत्त्व सांगितले: मंत्र्यांनी सर्व संबंधित तथ्ये लवकरात लवकर संसदेपुढे ठेवून तिला विश्वासात घ्यावे. म्हणजे पहिल्याच प्रश्नाला पुरे उत्तर दिले असते, तर पुढची बरीचशी मानहानी टळली असती.

आयोगाचा अहवाल महिन्याभरात आला आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये कृष्णम्माचारींनी राजीनामा दिला. १९६३ मध्ये ते पुन्हा अर्थमंत्री झाले, आणि एच. एम. पटेल १९७७ मध्ये जनता सरकारात अर्थमंत्री म्हणून त्याच सभागृहातील प्रश्नांना उत्तरे देऊ लागले. व्यक्तींचे पुनर्वसन झाले. तत्त्व मात्र तेवढ्या दमाने टिकले असे म्हणता येत नाही, कारण त्यानंतर अधिकाऱ्याच्या चुकीसाठी मंत्र्याने पद सोडल्याची उदाहरणे विरळ आहेत.

मुंध्रा प्रकरणाने आणखी एक अवघड गाठ समोर आणली, ती म्हणजे स्वायत्त महामंडळांच्या पैशाविषयी मंत्र्याला काय विचारता येते. महामंडळ कायद्याने स्वतंत्र आहे, त्याच्या दैनंदिन कारभारात सरकार लक्ष घालत नाही, असे उत्तर देऊन प्रश्न परतवता येतो. आणि लक्ष घातले तर ते फोनवरून, लेखी आदेशाशिवाय घालता येते. छागलांनी यावर बोट ठेवले होते: स्वायत्तता मान्य असेल तर हस्तक्षेप करू नये आणि हस्तक्षेप करायचा असेल तर त्याची जबाबदारी टाळू नये. प्रश्नांच्या तासात न मावणारी ही तपासणी करण्यासाठी १९६४ मध्ये संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती अस्तित्वात आली. हाच पेच आता वेगळ्या रूपात उभा आहे. मार्च २०२० मध्ये स्थापन झालेला ‘पीएम केअर्स’ निधी हा सरकारचा निधी नाही, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयात घेतली गेली. पंतप्रधान ज्याचे पदसिद्ध अध्यक्ष आहेत तो पैसा संचित निधीच्या बाहेर राहिला की महालेखापरीक्षकाची नेहमीची वाट त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि सभागृहातील प्रश्नही उंबरठ्यावर अडतो.

उत्तर चुकीचे निघाले तर काय होते? लोकसभेत अध्यक्षांच्या निदेश ११५ अन्वये सदस्य मंत्र्याच्या विधानातील चूक लेखी दाखवून देऊ शकतो आणि मंत्री दुरुस्तीचे निवेदन करतो. चूक हेतुपुरस्सर होती असे सिद्ध झाले तरच तो हक्कभंग, म्हणजे सभागृहाच्या विशेषाधिकाराचा भंग ठरतो, आणि हेतू सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असल्याने असत्य उत्तरापेक्षा अपुरे उत्तर देण्याकडेच खात्यांचा कल राहतो. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल’ हे वाक्य त्याचा नमुना होय. मात्र असे वाक्य उच्चारले की ते आश्वासन मानले जाते, तीन महिन्यांत पूर्ण करावे लागते आणि त्याचा पाठपुरावा १९५३ पासून कार्यरत असलेली शासकीय आश्वासन समिती करते. मुदतवाढ मागण्याची सोय अर्थातच आहे आणि ती सढळपणे वापरली जाते.

प्रश्नांचा तास रद्द होण्याचे प्रसंगही आले: १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी, १९७५ च्या आणीबाणीत आणि सप्टेंबर २०२० च्या महासाथीतील अधिवेशनात. शेवटच्या वेळी लेखी उत्तरे चालू राहिली, म्हणून फारसे नुकसान झाले नाही असे सांगितले गेले. परंतु गेले होते ते पूरक प्रश्न, आणि मुंध्रा प्रकरणात लेखी उत्तरांवर विसंबून काय हाती लागले असते हे वर आलेलेच आहे. दुसऱ्या बाजूला सदस्यांच्याही वर्तनाने या साधनाची पत घसरली. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या आरोपावरून डिसेंबर २००५ मध्ये ११ खासदारांची हकालपट्टी झाली, तेव्हा प्रश्नाला बाजारभाव असल्याचे देशाने चित्रफितीत पाहिले.

सभागृहातील उत्तर नागरिकापर्यंत पोहोचण्याची वाटही फिरोझ गांधींच्याच प्रयत्नाने निर्वेध झाली होती. कामकाजाचा बहुतांशी अचूक वृत्तांत छापणाऱ्या वृत्तपत्राला संरक्षण देणारा १९५६ चा कायदा त्यांच्या खासगी विधेयकातून आला. आणीबाणीत तो रद्द झाला आणि १९७७ मध्ये पुन्हा करण्यात आला. त्यानंतरचा टप्पा नागरिकाने स्वतः प्रश्न विचारण्याचा होता आणि त्यात गोवा १९९७ च्या, तर महाराष्ट्र २००२ च्या माहिती अधिकार कायद्याने केंद्राच्या पुढे होते. २००५ च्या केंद्रीय कायद्यात कलम ८ मधील अपवादांच्या शेवटी, वैयक्तिक माहितीविषयीच्या खंडाखाली, एक परंतुक, म्हणजे मूळ तरतुदीला जोडलेली अट, घातलेले होते: जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही. खासदाराचा आणि सामान्य अर्जदाराचा प्रश्न त्या एका वाक्याने समान पातळीवर आणला होता. २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हा खंडच बदलून त्या जागी वैयक्तिक माहितीशी संबंधित सर्व माहितीला सरसकट अपवाद देण्याची तरतूद केली, आणि त्या विधेयकावर लोकसभेत झालेल्या मोजक्या चर्चेत या परंतुकाच्या भवितव्याची फारशी वाच्यता झाली नाही.