पत्र्यावरची जादा भोकं

नव्वदच्या दशकात खामगाव, मलकापूर, चिखलीसारख्या बाजारपेठेच्या गावांत व्हिडिओ गेमची दुकानं निघाली. रुपयाची नाणी, शाळा बुडवून आलेली पोरं, मागून बघणाऱ्यांची गर्दी, हे त्या पिढीतल्या सगळ्यांना आठवतं. त्या मशीनच्या पत्र्याचे जे हाल झाले, ते मात्र कुणी सांगत नाही.

मशीन एकच, गेम बदलते, घोळ तिथेच. जपानी उत्पादकांनी १९८५ मध्ये 'जॅमा' ही जोडणी ठरवली आणि आतलं कार्ड बदलणं सोपं झालं. पण ती एका खेळाडूला तीन बटणांपुरतीच. १९९१ चा 'स्ट्रीट फायटर टू' सहा बटणं मागायचा, म्हणजे पॅनलला ड्रिल लावणं आलं. पुढे १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' आला. आपल्या पोरांनी त्याचं बारसं 'मुस्तफा' असं करून टाकलं. त्याचं भागायचं दोन बटणांवर. बाकीची भोकं उघडी, आत वायरी, आणि पोरांची बोटं काही स्वस्थ बसत नाहीत.

भोक पाडायला पाच मिनिटं, बुजवायला अर्धा दिवस. हे काम जायचं ट्रॉली आणि लोखंडी दारं करणाऱ्या वेल्डरकडे. बटणाचं भोक अठ्ठावीस-तीस मिलिमीटरचं. तेवढ्याच जाडीच्या पत्र्याची चकती कातरायची आणि भोकात नीट बसेपर्यंत कानशीने घासायची. खालून तांब्याची पट्टी धरायची. तांबं उष्णता ओढून घेतं आणि त्याला वेल्ड चिकटत नाही. मग समोरासमोर चार टाके. सलग वेल्ड ओढला की पत्रा पोट काढतो. आर्कने पातळ पत्रा जळतो, गॅसने वाकतो, त्यामुळे टाका मारून थंड होऊ देण्याचा धीर लागतो. त्यानंतर ग्राइंडर, लांबी, प्रायमर, रंग.

घाईचे मालक भोकावर टेप लावून वरून नुसती लांबी भरून घ्यायचे. शेजारच्या बटणावर दिवसभर गुद्दे पडत असताना ती कितीशी टिकणार? कडेने तडा जाऊन निघायचीच. वरून स्टिकर चिकटवणं तर निव्वळ थाप. तळहाताखाली खड्डा लागायचाच. माझ्या मते, चकती परवडत नसताना ज्यांनी सरळ बटण बसवून त्याची वायर मोकळी सोडली, ती शहाणी माणसं. नवखं पोर ते दाबत राहायचं, एवढंच.

पुढे घरोघरी कॉम्प्युटर आले, मग मोबाईल. ही दुकानं बंद पडली आणि मशीन भंगारात गेली. आज कुणाला हौस आलीच, तर लेझरने नवा पत्रा कापून घेणं जुनं भोक भरण्यापेक्षा सोपं पडतं. वेल्डरचं मात्र काही अडलं नाही. खामगाव-मलकापूरकडे मार्च लागला की गंजून गळणाऱ्या कूलरच्या टाक्या येतातच.